तुटलेल्या बोटाला भाव, झिजलेल्या हाताला नाही

अंगठा तुटला तर कामगाराची कमावण्याची शक्ती ३० टक्क्यांनी घटली, असे भारतीय कायद्याने ठरवून ठेवले आहे. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, मध्यमा गेली तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के आणि दोन्ही हात गेले तर १००. कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीतले हे कोष्टक. वाचताना अंगावर काटा येतो हे खरे. पण त्यात एक सोय होती. यंत्रात बोट सापडलेल्या कामगाराला आपले दुःख कोणाला पटवून द्यावे लागत नसे. डॉक्टरने हात पाहायचा, आयुक्ताने कोष्टक पाहायचे, गुणाकार करायचा आणि मालकाने पैसे भरायचे.

याच कोष्टकाच्या तळाशी एक टीप होती. अवयव शरीरावर शिल्लक असला, तरी त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा नष्ट झाला असेल, तर तो तुटल्यासारखाच समजावा. टीप उदार वाटते. परंतु 'पूर्णपणे' आणि 'कायमचा' या दोन शब्दांच्या उंबरठ्यावर देशातील असंख्य हात अडून बसले आहेत. पाचही बोटे जागच्या जागी आहेत. पण सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. कप हातातून निसटतो. मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकत बसावे लागते. चार दिवस रजा घेतली की बरे वाटते, कामावर गेले की दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. हे दुखणे पूर्ण नाही आणि कायमचेही म्हणता येत नाही. म्हणून त्याला भावही नाही.

वैद्यकाने या दुखण्यांच्या समूहाला 'रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंजुरी' म्हणजे आरएसआय असे नाव दिले. एकच हालचाल दिवसातून हजारो वेळा केल्याने स्नायू, कंडरा आणि नसा यांना होणारी ही इजा होय. तिचे काही प्रकार स्पष्ट आहेत. मनगटातील अरुंद बोगद्यातून जाणारी नस दाबली गेली की अंगठा, तर्जनी आणि मध्यमा बधिर होतात. हा कार्पल टनेल सिंड्रोम नसेतील विद्युतप्रवाहाची गती मोजून सिद्ध करता येतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरांच्या आवरणाला सूज येते, तिचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक द क्वेर्व्हँ यांनी १८९५ साली केले होते. पण पुष्कळ रुग्णांत दुखणे असे एका जागी सापडत नाही. ते मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात फिरते. क्ष-किरण चित्र निर्दोष, रक्ततपासणी निर्दोष. दुखते आहे याला पुरावा एकच, ज्याचे दुखते त्याचा शब्द. नुकसानभरपाईचे सारे वाद या एका जागी येऊन थांबतात.

आज आरएसआय म्हटले की डोळ्यांसमोर हिंजवडीतला संगणक अभियंता येतो. त्याचे दुखणे खोटे नाही. पण या व्याधीचे खरे माहेर पाहायचे असेल तर सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीत जावे. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरायचा, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत पान वळायचे, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचे. एक विडी झाली. मजुरी हजारावर मिळते. रोज हजार विड्या वळणाऱ्या बाईने वर्षाचे तीनशे दिवस काम केले तर तीन लाख विड्या होतात. वीस वर्षांत साठ लाख. तीच चिमूट साठ लाख वेळा. शहरातल्या पोळी-भाजी केंद्रात उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बायका, शिलाई कारखान्यात दिवसभर कॉलरची एकच शिवण घालणारा कारागीर, न्यायालयाच्या आवारातला टंकलेखक, हे सारे त्याच रांगेतले. मध्यमवर्गीय घरातली डबा आणणारी मावशी 'मनगट धरलंय' म्हणते तेव्हा घरातले तिला बाम देतात. तिच्या मनगटाचा आणि देशाच्या कायद्याचा काही संबंध असू शकतो, हे कोणाच्या मनात येत नाही.

कायद्याची रचना समजून घेतल्याखेरीज या वादाचे मर्म कळणार नाही. १९२३ च्या कायद्याने नुकसानभरपाईला दोन दरवाजे ठेवले. पहिला अपघाताचा. नोकरीतून आणि नोकरीच्या दरम्यान उद्भवलेल्या अपघाताने इजा झाली तर मालक जबाबदार, मग त्याचा दोष असो वा नसो. दुसरा दरवाजा व्यवसायजन्य रोगांचा. तिसऱ्या अनुसूचीत कामे आणि त्या कामांतून होणारे रोग यांची यादी. शिसे, पारा, आर्सेनिक, बेन्झीन यांची विषबाधा, दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार, कापसाच्या धुळीने होणारा श्वसनाचा विकार, गोंगाटाने येणारे बहिरेपण. यादीतील बहुतेक रोगांच्या बाबतीत कामगार त्या कामावर किमान सहा महिने सलग असला की रोग कामातूनच झाला असे गृहीत धरले जाई. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. यादीबाहेरचा रोग असेल तर मात्र तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतूनच थेट उद्भवला हे कामगाराने दाखवायचे. नाही तर दावा निकालात.

यादीत नाव असणे म्हणजे केवळ सन्मान नव्हे, तर पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणे होय. आरएसआय अपघाताच्या दरवाजातून आत येत नाही, कारण अपघाताला तारीख लागते. विडीवालीचे मनगट कोणत्या मंगळवारी दुखावले? इंग्लंडच्या न्यायालयांनी हा प्रश्न पूर्वीच चघळला होता. बोटांना वारंवार ओरखडे पडून त्यातून आजारी झालेल्या एका कामगार तरुणीला हाउस ऑफ लॉर्ड्सने १९२१ साली भरपाई मान्य केली; प्रत्येक ओरखडा हा स्वतंत्र छोटा अपघात, असा त्यामागचा विचार. पण १९४८ साली त्याच सभागृहाने पाटीच्या दगडाच्या खाणीतील कामगाराला नाकारले. फुफ्फुसात वर्षानुवर्षे शिरणारी धूळ ही अपघातांची मालिका नसून एक प्रक्रिया आहे, असे ठरले. अपघात आणि प्रक्रिया यांच्यामधील ही रेघ कायदेपंडितांना सुबक वाटते. विडीवालीचे मनगट मात्र प्रक्रियेच्या बाजूला पडते, आणि यादीत तिचे नाव नाही.

हे दुखणे नवे आहे, संगणकाबरोबर आले, असा एक गैरसमज आहे. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या रोगांवर लिहिले. सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण, अशी तीन कारणे त्यांनी दिली. त्यांच्या परिचयातील एका दस्तलेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने डावा हातही त्याच वाटेने गेला. तीन शतकांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात जसेच्या तसे लागू पडेल.

पुढे तारयंत्र आले. मोर्सची कळ दाबून दाबून तारबाबूंच्या हातात पेटके येऊ लागले. ब्रिटनने १९०८ साली तारबाबूंच्या या पेटक्याचा भरपाईयोग्य रोगांच्या यादीत समावेश केला. तक्रारी वाढल्या तेव्हा टपाल खात्याने समिती नेमली. १९११ च्या अहवालात समितीने दोन कारणे सांगितली: गुंतागुंतीच्या हालचालींनी वारंवार येणारा थकवा, आणि कर्मचाऱ्याच्या मज्जासंस्थेची मुळातली अस्थिरता. म्हणजे थोडा दोष कामाचा, थोडा काम करणाऱ्याच्या स्वभावाचा. पुढच्या शंभर वर्षांत झालेल्या प्रत्येक वादाची संहिता त्या अहवालातच लिहून झाली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भारताचा १९२३ चा कायदा ब्रिटिश नमुन्यावर बेतलेला. त्या वेळी ब्रिटनच्या यादीत हा पेटका पंधरा वर्षे होता. भारताच्या यादीत तो आला नाही. साहेबाच्या हाताचे दुखणे दुखणे ठरले, हिंदी तारबाबूचे नाही.

या वादाचे सर्वांत मोठे रणांगण ठरले ऑस्ट्रेलिया. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील कार्यालयांत विजेवर चालणारे हलके कळफलक आले आणि पाठोपाठ हात दुखण्याच्या तक्रारींचा पूर आला. टेलिकॉम ऑस्ट्रेलिया या सरकारी दूरध्वनी संस्थेत १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत सुमारे चार हजार प्रकरणांची नोंद झाली. वृत्तपत्रांनी या दुखण्याला 'कांगारूचा पंजा' असे थट्टेचे नाव दिले. मग त्याच संस्थेची आकडेवारी बाहेर आली आणि संशयवाद्यांच्या हातात कोलीतच मिळाले. सर्वांत जास्त कळा बडवणाऱ्या तारविभागाच्या कर्मचाऱ्यांत तक्रारी सर्वांत कमी होत्या, तर त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी टंकन करणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरांत सर्वांत जास्त. हालचालींनी इजा होते, तर जास्त हालचाली करणारे धडधाकट कसे? काही मनोविकारतज्ज्ञांनी निदान करून टाकले की ही मनगटाची नव्हे, मनाची साथ आहे. १९८७ साली कर खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याचा दावा व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात ज्युरीपुढे चालला आणि ती हरली. त्यानंतर तक्रारींचा पूर ओसरला.

यावरून पैसा बंद होताच दुखणे बंद झाले, असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्याच वर्षांत कार्यालयांतील मेजे-खुर्च्या बदलल्या, मधल्या विश्रांतीचे नियम झाले, हे ते सांगत नाहीत. ऑपरेटरांच्या आकड्यांचाही दुसरा अर्थ लागतो. इजा केवळ कळांच्या संख्येने होत नसेल; बसण्याची जागा, मान किती वेळ एकाच कोनात राहते, कामाचा वेग कोणाच्या हातात आहे, पाठीमागे पर्यवेक्षक उभा आहे की नाही, यांनीही ती घडत असेल. रामाझिनींच्या तीन कारणांत मनाचा ताण होताच. पण ताणाने स्नायू आखडून झालेली इजा 'मानसिक' म्हणून कचऱ्यात टाकायची असेल, तर ताणाने येणारा हृदयविकारही टाकावा लागेल. आणि तक्रारदारांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, हे त्या निदानामागचे न बोललेले कारण नव्हते, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल?

ब्रिटनमध्ये १९९३ साली रॉयटर्स वृत्तसंस्थेतील एका पत्रकाराचा दावा न्यायमूर्ती जॉन प्रॉसर यांच्यापुढे आला. आरएसआय या संज्ञेला वैद्यकाच्या ग्रंथांत स्थान नाही आणि तिला अर्थही नाही, असे मत देऊन त्यांनी दावा फेटाळला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत 'आरएसआय अस्तित्वातच नाही' अशा आशयाचे मथळे झळकले. न्यायाधीशाने एक संज्ञा नाकारली होती. लोकांनी समजून घेतले की दुखणेच नाकारले. पुढे आयसीआय या रसायन कंपनीतील एका सचिव महिलेचा खटला पाच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला. खालच्या न्यायालयात ती हरली, अपील न्यायालयात जिंकली आणि १९९८ साली लॉर्ड्सनी चार विरुद्ध एक अशा मतांनी तिला पुन्हा हरवले. टंकनाच्या कामातून शारीरिक इजा झाली हे तिने सिद्ध केले नाही, असे बहुमत म्हणाले. कंपनीने टंकलेखकांना अधूनमधून विश्रांती घेण्याची सूचना दिली होती, सचिवांना नाही. पण सचिवांच्या कामात वैविध्य असल्याने ते वावगे नव्हते, असेही ठरले. लॉर्ड स्टीन एकटे विरोधात राहिले. विचित्र भाग असा की तिला झालेला हाताचा पेटका १९४८ पासून सरकारी लाभाच्या यादीत होता. म्हणजे सरकारी योजनेसाठी रोग मान्य. मालकाविरुद्धच्या दाव्यात तो कामातून झाला हे पुराव्याने दाखवायचे, वर मालकाची हयगयही दाखवायची.

पण त्याच सुमारास, १९९८ सालीच, मिडलंड बँकेतील पाच महिला जिंकल्या आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. धनादेशांवरील आकडे यंत्रात भरण्याचे त्यांचे अर्धवेळ काम होते. या पाचजणींना जे साधले ते सचिव महिलेला का साधले नाही? त्यांचे काम एकसुरी होते, विविध नव्हते. आणि दुसरे असे की, त्यांच्या वेगाचे लक्ष्य बँकेने ठरवून दिले होते. तासाला किती नोंदी, याची मोजदाद बँकच करत होती. कामगाराच्या शब्दावर विसंबण्याची गरजच उरली नाही.

अमेरिकेचे उदाहरण एका वाक्यात संपते. तेथील कामगार सुरक्षा विभागाने नोव्हेंबर २००० मध्ये अशा इजांबाबतचा नियम प्रसिद्ध केला आणि मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्द केला.

आता पुन्हा भारताकडे. येथे न्यायालयांनी कामगाराच्या बाजूने विचार केलेला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओरिसातील एका चित्रपटगृहात काम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराचा खटला १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात आला. मालकाचे म्हणणे, हात गेला तर कोष्टकातले टक्के द्या. न्यायालय म्हणाले, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही; त्याचे नुकसान पूर्ण आहे. कोष्टकापेक्षा कामाकडे पाहा, हा या निकालाचा गाभा. त्याआधी १९५३ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांच्या खंडपीठापुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण आले होते. त्याला हृदयविकार होताच. रात्रपाळीत छातीत दुखून तो गेला. मृत्यू रोगाने आला, नोकरीने नव्हे, असा बचाव होता. न्यायालयाने ठरवले की नोकरीच्या श्रमाने मृत्यू लवकर ओढवला असेल, श्रम हे अनेकांपैकी एक कारण असेल, तरी पुरेसे आहे. नोकरी हे एकमेव कारण असण्याची गरज नाही.

हा निकाल मनगटाच्या वादात सोन्यासारखा आहे. कारण स्त्री कामगाराविरुद्ध पहिला युक्तिवाद ठरलेला असतो: घरी धुणी पिळता, पोळ्या लाटता, मग मनगट धरणारच, आमच्या कामाचा काय संबंध? मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांनीही मनगटातील नस दाबली जाते, हा दुसरा. दोन्ही युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नाहीत. पण पहारेकऱ्याचे हृदयही आधीच दुबळे होते. घरच्या दहा पोळ्यांवर कामावरच्या दोनशे पोळ्यांची भर पडून मनगट गेले असेल, तर १९५३ च्या तर्काने उत्तर मिळते. अडचण एवढीच की हा तर्क अपघाताच्या दरवाजाआत उपयोगी पडतो. आणि त्या दरवाजाशी मनगटाला तारीख विचारली जाते.

कायदा बदलत नाही असेही नाही. कारकुनी काम करणारे अनेक कर्मचारी या कायद्याच्या कक्षेबाहेर होते, कारण दुसऱ्या अनुसूचीतील अनेक नोंदींत कारकून वगळलेले होते. २००९ च्या दुरुस्तीने ते शब्द गेले, 'कामगार' ऐवजी 'कर्मचारी' आला आणि जानेवारी २०१० पासून दुरुस्ती लागू झाली. म्हणजे टंकलेखकाच्या बोटांना या कायद्याचा दरवाजा दाखवायलाच आपल्याला ८६ वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तिने घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही भरपाईच्या कक्षेत आणला. हे स्वागतार्ह पाऊल आहे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र व्यवसायजन्य रोगांच्या यादीत विषे, धूळ, किरणोत्सर्ग, गोंगाट हीच मंडळी मुख्यतः बसली आहेत. वारंवारच्या हालचालीने झिजणारे मनगट तिथे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतही हाच प्रश्न, शिवाय तिची मासिक वेतनमर्यादा २०१७ पासून २१ हजार रुपये. हिंजवडीतला अभियंता तिच्या बाहेर.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची सुधारित यादी केली. तीत हात आणि मनगट यांच्या कंडरांचे विकार आहेत, कोपराचे आहेत, गुडघ्याचे आहेत आणि कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी आहे. भारत हा या संघटनेचा संस्थापक सदस्य. अशी यादी हाताशी असताना नवी संहिता लिहिताना ती समोर ठेवून दोन ओळी वाढवणे अवघड नव्हते. शंभर वर्षे जुना कायदा बाजूला सारून नवा लिहिण्याची संधी राष्ट्राच्या जीवनात वारंवार येत नाही.

विरोधकांचा आक्षेप ठाऊक आहे. यादीत नाव घातले की खोट्या दाव्यांचा पूर येईल, लहान उद्योजक बुडेल. ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहता हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फिरत्या, तपासणीत न सापडणाऱ्या वेदनेला पहिल्याच दिवशी यादीत घाला, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ज्याचे निदान मोजमापाने होते, त्याला अडवण्याचे कारण काय? ब्रिटनने २००७ साली मनगटाच्या वारंवार वाकण्याने होणारा कार्पल टनेल यादीत घेतला तेव्हा अट घातली: आठवड्याला किमान वीस तास तसे काम, आणि दुखणे सुरू होण्याआधीच्या चोवीस महिन्यांत एकूण किमान बारा महिने. अशी अट घालता येते. सुरुवात नसेच्या विकारापासून आणि अंगठ्याच्या कंडरेपासून करता येते. १९२३ च्या कायद्यात तिसऱ्या अनुसूचीत भर घालण्याचा अधिकार केंद्राबरोबर राज्य सरकारलाही होता. राजपत्रात तीन महिन्यांची पूर्वसूचना देणे एवढीच अट. संसदेत विधेयक आणण्याचीही गरज नव्हती. तरीही कोणत्याही पक्षाच्या सरकारला हे सुचले नाही, आणि कामगार संघटनांनीही वेतन आणि बोनस यांच्यापुढे मनगटाचा विषय कधी लावून धरला नाही. हा दोष सर्वांचा आहे.

खोट्या दाव्यांच्या भीतीला आणखी एक उत्तर मालकांच्या दप्तरातच आहे. ज्या कामांत मनगट झिजते, त्या कामांत मजुरी मोजून दिली जाते. विड्या हजारावर, शिवण नगावर, नोंदी पानावर. मोजणी कामगार करत नाही, मालक करतो. कोणत्या दिवशी किती वेळा तीच हालचाल झाली, याचा याहून पक्का पुरावा जगातले कोणतेही न्यायालय मागू शकणार नाही. संगणकावर तर कळांच्या संख्येचीही नोंद ठेवता येते. मिडलंड बँकेतील महिलांच्या बाबतीत हेच घडले.

उरतो घरबसल्या विड्या वळणाऱ्या बाईचा प्रश्न: तिचा मालक कोण? कारखानदार ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार म्हणतो ती तिच्या घरी, तिच्या वेळेला काम करते. हा वादही सुटलेला आहे, फक्त दुसऱ्या कायद्याखाली. १९८५ साली भविष्यनिर्वाह निधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना कर्मचारी मानले. त्यामागचे कारण मोठे बोलके आहे. संध्याकाळी माल मोजताना ठेकेदार ज्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो, तो माल नाकारण्याचा अधिकार हीच मालकाची हुकमत होय, असे न्यायालयाने धरले. ज्या छाटीने बाईची मजुरी कापली जाते, त्याच छाटीने ती कर्मचारी ठरली. तिच्या कार्डावर रोजचा आकडा लिहिलेला आहे. त्या आकड्यांची बेरीज करून तिच्या अंगठ्याकडे पाहायला कायद्याने अजून कोणाला सांगितलेले नाही.